लाल, पिवळी, हिरवा

"तुझं नाव काय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"हिरवा," तो म्हणाला.

शेजारी बसलेल्या तरुण बाईंनी कागदावर फुली मारली. मागच्या खुर्चीत बसलेली आई पुढे सरकली. तोंड उघडायची सोय नव्हती. दारावरच पाटी होती : मुलाखत चालू असताना पालकांनी बोलू नये.

साडेतीन वर्षांचा उमेदवार मात्र खुशीत होता. खुर्चीवरून जमिनीला न टेकणारे पाय हलवत बसला होता. बालवर्गात एकच जागा उरली होती. त्याला सांभाळणाऱ्या मावशी महिनाअखेर आपल्या लेकीकडे कायमच्या निघाल्या होत्या. ही जागा गेली, तर आईला नोकरी सोडून घरी बसावं लागणार होतं.

आणि नोकरीवर तिचा भारी जीव. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात ती चादरींची वाटणी करायची. दिवसाला सहाशे चादरी. कोपऱ्यातला रंगीत दोरा बघून कोणती चादर कोणत्या वॉर्डाची, हे ती चालता चालता सांगायची. आजवर एक चादर इकडची तिकडे गेली नव्हती. तिसरं मूल झाल्यावर तिने तीच युक्ती घरी आणली. थोरला लाल, मधली पिवळी, धाकटा हिरवा. टॉवेल, मोजे, कप, ब्रश, सगळ्यांवर ज्याच्या त्याच्या रंगाचा दोरा नाहीतर ठिपका. नवरा ट्रक घेऊन आठ-आठ दिवस बाहेर. तिची पाळी सातची. पहाटे घरात एकच आवाज घुमायचा, "लाल, दात! पिवळी, वेणी! हिरवा, चड्डी कुठंय?"

मध्यंतरी नणंद चार दिवस राहून गेली. जाताना म्हणाली, "वहिनी, पोरं आहेत ती. चादरी नव्हेत." तेव्हा आईने हसण्यावारी नेलं. पण ते वाक्य कुसळासारखं आत राहिलं होतं, आणि आज नेमकं टोचायला लागलं. पोराला स्वतःचं नाव येत नाही. आपल्या सोयीपायी आपण हे काय करून बसलो?

मोठ्या बाईंनी रंगीत कार्डं काढली. लाल समोर धरलं. "हा कोणता रंग?"

"दादाचा."

पिवळं धरलं. "ताईचा."

हिरवं धरल्यावर त्याने नुसताच छातीवर हात ठेवला. हे काय विचारणं झालं, असा चेहरा केला. शेवटी नारिंगी आलं. ते त्याने बराच वेळ निरखलं. कपाळाला आठी पडली.

"हा कोणाचाच नाही," तो म्हणाला.

पाच फुल्या झाल्या. तरुण बाई हळूच म्हणाल्या, "नाव नाही, रंग नाहीत. अजून वर्षभर घरीच राहू दे याला."

आई उठली. माफी मागायची, हे तिने मनात पक्कं केलं होतं. तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"पाटी वाचली आहे मी, तरी बोलते. पोरं तीन, हात दोन, आणि पाळी सातची. घरात मीच रंग वाटलेत, म्हणून तो असं सांगतोय. कामावर मला एक दिवस उशीर झालेला नाही. तिघांतल्या एकाचाही मोजा हरवलेला नाही. चुकलं असेल माझं. पण बाई, मला त्याची लाज वाटत नाही."

बोलून झाल्यावर ती पुन्हा बसली.

मोठ्या बाईंनी कपाटातून एक लाल मोटार काढली. दारं उघडणारी, दिवे लागणारी. ती त्याच्यापुढे ठेवली. "घे. खेळ."

त्याचे डोळे चमकले. हात निम्म्यापर्यंत गेला आणि मागे आला. तो हात त्याने दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

"दादाला विचारायला पाहिजे."

"दादा तर इथे नाही."

"मग तो आल्यावर."

पलीकडच्या वर्गात कोणीतरी कोणाची तरी बादली ओढली होती. तिथून भोकाड पसरल्याचा आवाज आला, मग दुसरं, मग तिसरं. मोठ्या बाईंनी तिकडे कान दिला आणि फुल्यांचा कागद आपल्याकडे ओढला.

"रंगांची नावं आठवड्यात येतील," त्या तरुण बाईंना म्हणाल्या. "आपलं कोणतं आणि दुसऱ्याचं कोणतं, हे शिकवताना आपला दरवर्षी घसा बसतो." मग आईकडे वळल्या. "सोमवारपासून पाठवा. आणि मोज्यांवर दोरा कसा घालता, ते एकदा आम्हाला दाखवा."

आईची मान ताठ झाली. तिला वाटलं, या क्षणी इथे नणंद असायला हवी होती. नवरा असायला हवा होता. खरं तर अख्खा धुलाईखाना असायला हवा होता. डोळे भरून आले ते तिने पुसलेसुद्धा नाहीत.

उमेदवाराला यातलं काही कळलं नव्हतं. तो खुर्चीवरून घसरत खाली उतरला. टेबलावरचं नारिंगी कार्ड त्याने उचललं आणि तरुण बाईंपाशी गेला.

"बाई, तुमचा रंग कोणता?"

"माझा?" त्या हसल्या. "माझा कुठलाच नाही रे."

तो जागीच थबकला. त्याने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग कार्ड त्यांच्या हातात ठेवलं, त्यांची बोटं त्यावर नीट मिटवली आणि अगदी हळू, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं,

"तुम्हाला आई नाही?"