सावकाश न्या बाईंना

"वाजवा," तपासनीस बाई म्हणाल्या.

सायरन वाजला. तंबूंवरची कबुतरं उडाली, एक गिरकी घेऊन होती तिथेच परत बसली. बाईंनी रुग्णवाहिकेच्या मागच्या दारातून आत पाहिलं. ऑक्सिजनचं नळकांडं भरलेलं, स्ट्रेचर जागेवर, चादर स्वच्छ. निलगिरीच्या तेलाचा मंद वास. दारावर ठसठशीत 'एक'.

त्यांनी सही केली.

शांतिसेनेच्या तीन छावण्या, प्रत्येकीला एक रुग्णवाहिका, तिन्ही एकाच पुरवठादाराकडून भाड्याने घेतलेल्या. बाईंच्या सहीशिवाय त्याला भाडं मिळत नसे. बाई कुठे कधी पोचणार हे मुख्यालय आधीच कळवून ठेवी. सुरक्षेचा नियमच तसा होता.

"मामा, सावकाश न्या बाईंना," पुरवठादाराचा मुकादम जीपच्या खिडकीशी वाकून म्हणाला. "रस्ता कसा आहे, माहितीये ना."

"माहितीये," मामा म्हणाले. मामा म्हणजे जीपचे ड्रायव्हर. शिपायापासून कॅप्टनपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत.

जीप निघाली. धुकं अजून विरलं नव्हतं. झाडं जवळ येईपर्यंत झाडं वाटत नव्हती. फाट्यावर मामांनी जवळचा रस्ता सोडून तळ्याकडचा धरला.

"हा लांबचा ना?"

"पूल कच्चा आहे तिकडचा. शिवाय तळं बघण्यासारखं आहे."

तळं खरंच बघण्यासारखं होतं. पाणी हलत नव्हतं. पलीकडच्या काठावर पांढऱ्या धुळीची एक रेघ सावकाश सरकत होती, ढग जमिनीवर उतरून चालायला लागावा तशी. मामांनी थर्मासमधला चहा ओतला. बाईंनी कप दोन्ही हातांत धरला. त्यांना वाटलं, आपण इथे पूर्वी कधीतरी आलोय, आणि तेव्हाही हाच चहा होता.

"घरी कोण कोण, मामा?"

"बायको. आणि लेक आहे सध्या. दिवस भरत आलेत तिचे. पहिल्या छावणीच्या मागेच घर आहे आमचं." मामांनी उरलेला चहा गवतावर ओतला. "पहिल्या खेपेला फार रक्त गेलं होतं. मूल गेलं. ती वाचली एवढंच. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, कळा सुरू झाल्या की तडक हॉस्पिटल."

"मग काळजी कसली? दाराशी अँब्युलन्स आहे. गावातल्या लोकांनाही द्यायची, असं करारातच आहे."

मामांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मग परत उघडून पुन्हा लावलं.

"अजून दोन आठवडे आहेत," ते म्हणाले.

दुसरी छावणी धुक्यातून हळूहळू उगवली. तसेच तंबू, तसाच झेंडा, तशीच कबुतरं. भांडारप्रमुख कडक सलाम ठोकून उभा होता. रुग्णवाहिकेच्या दारावरचा 'दोन' नुकता रंगवलेला दिसत होता.

"बाई येणार म्हटल्यावर नट्टापट्टा नको?" भांडारप्रमुख हसला.

बाईंनी बॉनेटवर हात ठेवला. "गरम आहे."

"तुमच्यासाठीच सुरू करून ठेवली होती. ऐन वेळी रुसायला नको."

सायरन वाजला. कबुतरं उडाली, परत बसली. आत निलगिरीचा वास होता. सगळ्या छावण्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या, बाईंच्या मनात आलं. एका जागी उभं राहून दिवसच फिरवावा, तसं.

त्यांनी सही केली. भांडारप्रमुखाने जेवायचा आग्रह केला. मामांनीही केला. "खाऊन घ्या बाई, पुढे काही मिळायचं नाही." जेवण लांबलं.

दुपारी जीप तिसऱ्या छावणीकडे निघाली. ऊन धुक्यात मिसळून सगळं दुधाळ झालं होतं. बाईंचे डोळे मिटू लागले.

"मामा, मागून गोगलगाय हॉर्न देतेय. जाऊ द्या तिला पुढे."

मामा हसले. "पोचू की. घाई कुणाला आहे?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मामांनी जीप कडेला घेतली. पलीकडून बायकोचा आवाज इतका चिरका येत होता की बाईंनाही ऐकू आला. कळा सुरू झाल्यात. रक्त जातंय. छावणीच्या फाटकापर्यंत पळत जाऊन आले, कुणी धड बोलत नाही. तुम्ही काहीतरी करा.

बाईंची झोप उडाली. "अहो, फाटकावरच्या शिपायाला काय कळतंय! थेट कॅप्टनना लावा. माझं नाव सांगा. गाडी उभीच आहे तिथे, सकाळी मी स्वतः बघितलीये."

मामांनी कुणाला तरी फोन लावला. घंटी वाजत राहिली. त्यांनी पुन्हा लावला.

"उचलत नाहीत?"

"गाडी चालवताना तो उचलत नाही."

"कोण?"

मामांनी फोन मांडीवर टाकला आणि जीप सुरू केली. दिवसभर रांगणारी जीप एकदम उसळली. खड्डे, दगड, काही बघायचं त्यांनी सोडून दिलं. थर्मास सीटखाली गडगडला. तिसऱ्या छावणीचा झेंडा लांबवर, दुधात काडी बुडवावी तसा दिसू लागला.

बाईंनी दांडी घट्ट धरली. "मामा, भान आहे का? घर मागे आहे! वळवा गाडी!"

"अँब्युलन्स पुढे आहे, बाई," मामा समोर बघतच म्हणाले. "एकच आहे ती. सकाळपासून तिला आपल्या आधी पोचायला मीच वेळ देत होतो."