बोकडाची घंटी

पानशेतला बंगल्याच्या ओट्यावर बसून मालकानं पोलिसांत द्यायच्या इंग्रजी तक्रारीची प्रत वाचली आणि तो हसला. “मॅसॅकर? हा शब्द माणसांच्या कत्तलीला वापरतात. तुमची नऊ शेरडं मेलीत.” समोर उभ्या, शेरडं राखणाऱ्या पारूबाईची तक्रार लिहिणारी नात भोरच्या कॉलेजात इंग्रजी शिकत होती. म्हणाली, “मुळात जुन्या फ्रेंचमध्ये तो कत्तलखान्याचा शब्द. जनावरांचाच. माणसांना नंतर लावला.” मालकाला झोंबलं. कागद तिच्या अंगावर फेकत तो गुरकावला, “बिबट्यानं मारली असतील. माझ्या कुत्र्याविरुद्ध पुरावा काय?” इंग्रजी पारूबाईच्या डोक्यावरून गेलं होतं, पण पुरावा तिला कळत होता. तिनं कनवटीची, मेलेल्या बोकडाच्या गळ्यातली घंटी काढली आणि एकदाच वाजवली. खुर्चीपाशी पेंगणारा कुत्रा ताडकन उठून लाळ गाळत, साखळी ताणत आवाजावर झेपावला. पारूबाई जागची न हलता म्हणाली, “सायेब, बिबट्याच्या गळ्यात साखळी कुनी घातली?”