गाडीच्या पोटातलं

"सांगून कुणाचा विश्वास बसणार नाही," बाबा म्हणाले, "पण गाडी माझ्याशी भांडली."

फाटकाच्या खांबाला नाक लावून गाडी उभी होती. एक दिवा वायरीला लोंबकळत होता. मुलगा मीटिंग अर्धवट टाकून ऑफिसातून धावत आला होता आणि आल्यापासून गाडीभोवती फेऱ्या मारत होता. बसत नव्हता, पाण्याचा पेला घेत नव्हता, खिशात वाजणारा फोन उचलत नव्हता. मागच्या खेपेला आरसा मोडला तेव्हा त्यानंच बजावलं होतं, आता एक ओरखडा जरी आला तरी किल्ली माझ्याकडे. बजावताना सोपं वाटलं होतं. जन्मभर बस चालवलेल्या माणसापुढे किल्लीसाठी हात पसरायचा, हे आता त्याच्यानं होत नव्हतं.

"भांडली म्हणजे?"

"मी म्हटलं मागे, ती म्हणाली पुढे. मी ब्रेकवर उभा राहिलो. अक्षरशः उभा! टाळू छताला टेकली. ऐकेल तर शपथ. तिला त्या पडद्यावर मांजर दिसलं. मांजर नव्हतंच रे! नसलेलं मांजर वाचवायला हिनं असलेल्या खांबाला धडक दिली."

वर्कशॉपचा माणूस बॉनेटवर लॅपटॉप उघडता उघडता हसू दाबत होता. आई पायरीवर उभी राहून हातातलं फडकं पिळत होती. फडकं कोरडंच होतं.

बाबा थांबायला तयार नव्हते. "माझी जुनी गाडी आठव. एकदा तिच्यावर अख्खं झाड पडलं. झाड मोडलं! गाडीनं नुसतं अंग झटकलं. हिच्याजवळ कुणी शिंकलं तरी हिला पोचा पडतो. पत्रा पापडासारखा आणि अक्कल मात्र डोक्यापेक्षा मोठी."

"गाडीचा दोष असेल तर आत्ता कळेल, बाबा. सगळं आत नोंदलेलं असतं."

"कुठे आत?"

"एक डबी असते, काका," वर्कशॉपचा माणूस वायर जोडत म्हणाला. "धडक बसण्याआधी वेग किती होता, ब्रेक दाबला की नाही, पट्टा लावला होता का, सीट किती पुढे ओढली होती, सगळं सांगते ती."

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. दुसऱ्या क्षणी त्यांनी वायर उपटली.

"खबरदार हात लावाल तर! गाडी आहे का चहाडखोर शेजारीण? मी कुठे जातो, कुठे थांबतो, एकटा असताना कुठली गाणी बेसूर म्हणतो, हे हिनं मला न विचारता लिहून ठेवायचं?"

"विचारलं होतं. तुम्ही सही केलीत."

"ते अक्षर मुंगीनं वाचायचं होतं. मला चष्म्यातूनही दिसलं नाही."

"आणि एरवी? दुकानदारानं नुसता फोन नंबर विचारला तर घरचा पत्ता, रक्तदाब, शेजाऱ्यांची भांडणं, सगळं सांगून येता. खासगीपणा आजच आठवला?"

"वा! आठवड्यातून दोनदा मान टाकणाऱ्या तुझ्या कॉम्प्युटरवर तुझा विश्वास. बापावर नाही."

शब्द वर्मी लागला. मुलाच्या फेऱ्या थांबल्या. तो गाडीच्या पलीकडे उभा राहिला, इतका वेळ जिभेवर घोळणारा प्रश्न त्यानं गिळायचा प्रयत्न केला आणि मग विचारूनच टाकला.

"चूक गाडीची असेल, तर वायर का उपटलीत?"

बाबांकडे थाप संपलेली मुलानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. त्यांनी एकदा पायरीकडे नजर टाकली, खिशात हात घातला आणि किल्ली मुलाच्या तळहातावर ठेवली.

"घे. मीच आपटली."

मुलाला वाटलं होतं, आता तरी हायसं वाटेल. किल्ली बाबांच्या खिशातल्या उबेनं कोमट होती, आणि आपण ती चोरली आहे असं त्याला वाटलं. वर्कशॉपच्या माणसानं कुणाकडे न बघता लॅपटॉप मिटला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मुलानं विचारलं, "पण बाबा, तुमच्या हातून? कशी काय?"

आता गपगुमान कबुली देऊन मोकळं व्हावं, तर ते बाबा कसले! गुन्हा कबूल करायचा तर तोही दणक्यात.

"कशी म्हणजे? कालपरवा स्टिअरिंग धरलेला माणूस आपटतो तशी! ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला. गाडी सुटली तसा स्टिअरिंगला माकडासारखा लोंबकळलो. खांबालाच हॉर्न दिला, बाजूला हो म्हणून! तो हलेना, तेव्हा बोंब ठोकली आणि डोळे गच्च मिटून..."

फडकं पायरीवर फाडकन आपटलं.

"अहो, थापा माराव्यात, पण किती!" आई कडाडली. "डोळे मिटले नव्हते मी. चांगले टक्क उघडे होते माझे!"