उतारावरची स्कूटर

लायब्ररीच्या दाराशी व्हीलचेअरसाठी केलेल्या उतारावर रोज सकाळी कुणीतरी भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटर आडवी लावून जायचं. ग्रंथपाल बाई आपल्या व्हीलचेअरची चाकं थांबवून त्या अज्ञात महाभागाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. मग समोरच्या दुकानातला चष्मेवाला धावत यायचा, स्कूटर बाजूला ओढायचा आणि म्हणायचा, "जनाची नाही तर मनाची तरी लाज हवी लोकांना!" एवढ्या शहरात एक तरी भला माणूस आहे, म्हणून बाईंना बरं वाटायचं.

आज नवी पुस्तकं यायची होती म्हणून त्या लवकर आल्या, तर खुद्द चष्मेवालाच घामाघूम होऊन स्कूटर उतारावर चढवत होता. बाईंना बघून त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"तुमच्याशी बोलायला... दुसरं काही सुचलंच नाही हो," तो पुटपुटला.

बाईंना संताप आला, आणि त्याच्या मागोमाग हसूही. ते काही त्यांना दाबता येईना.

"अहो, मी ग्रंथपाल आहे! नुसतं एखादं पुस्तक मागितलं असतंत, तरी तासभर बोलले असते. हटवा ती आधी!"