पळायचा सीन

पटकथेत लिहिलं होतं: जखमी मित्राला खंदकात टाकून शिपाई पळतो. मी अडून बसलो. "वीस वर्षं गुंडांना लोळवतोय, आता पाठ दाखवून पळू? लोक तोंडात शेण घालतील!" दिग्दर्शकाने हात टेकले. मी मित्राला खांद्यावर टाकलं आणि गोळीबारातून छाती काढून चालत आलो. पहिल्याच टेकला सेटवर टाळ्या पडल्या. ज्यांच्या आठवणींवर सिनेमा बेतला होता, ते म्हातारे फौजी मॉनिटरसमोर बसले होते. सकाळी माझ्या बुटांच्या नाड्या त्यांनीच खाली बसून बांधल्या होत्या. "कितीही पळा, ही गाठ सुटत नाही," असं म्हणाले होते. मी ऐटीत विचारलं, "काय काका, जमलं ना?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "छान केलंत. मीही त्याला असंच उचलायला हवं होतं." मला वर बघवेना. खाली नाड्यांची गाठ अजून तशीच घट्ट होती.