पसंतीचा पेढा

बजाबाईंनी डब्यातला पेढा उचलला आणि आधी दुर्गाकडेच वळल्या. "पोरगी पसंत हाय आमाला. तोंड गोड करा, ताई."

जुळे सोलापूरच्या त्या छोट्या हॉलमध्ये सगळ्यांनीच श्वास सोडला. करकंबहून आलेली पाहुणेमंडळी मोकळी होऊन बोलू लागली. दुर्गाच्या नवऱ्यानं, सयाजीनं, रुमालानं कपाळ पुसलं. अभिमन्यू मान खाली घालून हसत होता आणि आतल्या दाराशी ऋतुजाही. त्या दोघांचं आधीच ठरलेलं होतं. आज फक्त मोठ्यांनी हो म्हणायचं राहिलं होतं.

दुर्गा तशीच बसून होती. लेकीचं लग्न जमलं, हे तिला कळलं. पण चेहऱ्यावर काही हललं नाही. तीन वर्षांत चेहऱ्याची कातडी इतकी ताणली गेली होती की पन्नाशीला टेकली तरी कपाळावर एक सुरकुती नव्हती. गल्लीतल्या बायका विचारायच्या, तोंडाला काय लावता हो?

"घ्या की," बजाबाई म्हणाल्या.

पेढा ओठांना लागला. अख्खा पेढा. दुर्गानं तोंड उघडलं. ते दीड बोटाच्या वर उघडत नाही, हे बजाबाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी मायेनं जरा रेटला. पेढा फुटला, अर्धा पदरात पडला, अर्धा फरशीवर.

बोलणी थांबली.

बजाबाईंचा हात तसाच राहिला. "आल्यापासनं बगतीया मी," त्या सावकाश म्हणाल्या. "तुमी एकदाबी हसला न्हाय. आता पेढ्याला दात मिटून घेतलं. आमचा पोरगा तुमच्या मनाला आला न्हाय व्हय?"

"छे हो, तसं काही नाही," सयाजी घाईनं म्हणाला. "दाढ दुखतेय तिची. कालपासून."

ही दाढ त्यानं सकाळीच ठरवून ठेवली होती. दुर्गानं गालावर हात ठेवून मान हलवायची, एवढंच काम होतं. तिनं बजाबाईंकडे बघितलं. त्या बाईचे डोळे भरून आले होते. आपल्या पोराला कुणी नाकारलं, असं वाटल्यावर आईचे भरतात तसे.

"दाढ नाही, ताई," दुर्गा म्हणाली. "मला आजार आहे. अंगाची कातडी आवळत जाते. हसायला गेले तरी ओठ ताणले जात नाहीत."

"दुर्गा," सयाजी हळूच म्हणाला.

तिनं पदराखालचे हात बाहेर काढले. मघाशी सरबताचे गार ग्लास धरले होते, तेवढ्यानं बोटं निळी पडली होती. गुळगुळीत, चकाकणारी, टोकाला निमुळती, अर्धी मुडपलेली बोटं. दोन टोकांवर खपल्या होत्या.

बजाबाईंनी तिचा एक हात हातात घेतला. मनगटाजवळची कातडी चिमटीत धरून बघितली. चिमटीत काही आलं नाही.

"लागतं का हे?" कुंडलिकरावांनी, अभिमन्यूच्या वडिलांनी, खुर्चीतूनच विचारलं.

"नाही. हे दुसऱ्याचं दुसऱ्याला होत नाही. आपलंच शरीर आपल्यावर उलटतं, असं डॉक्टर सांगतात." ती हे दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं सांगत होती. "औषधं चालू आहेत. थांबलं तर थांबेल."

बजाबाईंनी दाराकडे बघितलं. ऋतुजा आता हसत नव्हती. ऊन लागल्यासारखे तिचे गाल लाल झाले होते.

"आन् पोरीला?"

"तिला काही होत नाही," सयाजी म्हणाला. "काहीसुद्धा नाही."

बजाबाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या दुर्गाच्याच उत्तराची वाट बघत होत्या.

"सहसा होत नाही म्हणतात," दुर्गा म्हणाली. "पण होणारच नाही, असं डॉक्टरांनी मला सांगितलेलं नाही. मग मी तुम्हाला कसं सांगू?"

पंखा फिरत होता. बजाबाईंनी तिचा हात अलगद तिच्याच मांडीवर ठेवला.

"आदी सांगायचं हुतं की, ताई," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"बराय मग. घरी इचार करून फोन करतो," म्हणत कुंडलिकराव उठले. मागोमाग सगळेच उठले. ऋतुजाच्या ओटीत घालायला आणलेली साडी पिशवीतच होती. बजाबाईंनी जाताना पिशवी उचलली. अभिमन्यू उंबऱ्यात घुटमळला, काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात गाडीतून वडिलांची हाक आली. त्यानं चपला घातल्या आणि गेला.

सयाजी त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेला. गाडी गेली तरी तो आत आला नाही, तिथंच पाठमोरा उभा राहिला.

ऋतुजा खाली बसली. तिनं फरशीवरचा पेढ्याचा चुरा हातानंच गोळा केला. मग आईच्या पदरावरचा झटकला.

"बाबांसारखं मलाही वाटत होतं, आज लपेल म्हणून," ती म्हणाली. "लग्नानंतर मीच सांगणार होते त्यांना."

दुर्गाला लेकीबद्दल, नवऱ्याबद्दल किंवा स्वतःबद्दल काहीतरी वाटायला हवं होतं. ती वाट बघत राहिली. आत कुठंच काही झालं नाही. तिनं हात वर नेऊन गालावरून बोटं फिरवली. ना गालाला बोटं कळली, ना बोटांना गाल.

"ऋतू," ती म्हणाली, "बघ गं जरा. मी रडतेय का?"