शेवटचं अक्षर

बालवर्गातल्या बाईंचा नियम एकच होता. पाटीवर ठिपक्यांनी रंगवलेलं आपलं नाव खडूने पूर्ण गिरवायचं, मगच जागेवरून उठायचं.

एका जागी न बसणारा, म्हणून सगळे ज्याला भोवरा म्हणायचे, तो पोरगा तापाने गेला. त्याची पाटी बाकावरून उचलायला बाईंचा हात धजेना. आणि रोज सकाळी त्या पाटीवर नाव गिरवलेलं असायचं, शेवटचं अक्षर सोडून. तिथेच तो नेहमी अडायचा.

"मावशी, पाट्या पुसायला काय होतं हो तुम्हाला?" बाई कडाडल्या.

"रोज पुसते, बाई. त्याची तर सगळ्यांच्या आधी."

त्याची आई रोज शाळा भरताना दारात यायची, पाटीकडे डोळे भरून बघायची आणि निघून जायची.

एका संध्याकाळी मुलं गेल्यावर बाई त्या बाकामागे गुडघे टेकून बसल्या. खडू पाटीवर टेकवला आणि मुठीवर मूठ धरावी तसा हात सैल ठेवला. "चल रे राजा, मी धरते. आधी गोल, मग खाली." बोटं गार पडली, पण अक्षर उमटलं.

दुसऱ्या दिवशी पाटी कोरी होती, नुसते ठिपके. तिसऱ्या दिवशीही.

"आलं हो त्याला नाव," दारातल्या आईला बाई हलकेच म्हणाल्या. "उठला तो."

आईने कोऱ्या पाटीवरून हात फिरवला.

"एवढी कसली घाई होती, बाई? बसू द्यायचं होतं की त्याला."